गणित मोफत झाले, आमच्या वस्तीत कधी येणार?

परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रात मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधील एक प्रसंग आहे. शिक्षकांनी भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याजवळ बोलावले. तोच वर्गात एकच गलका उडाला. फळ्याच्या मागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. हा फळ्याजवळ गेला तर डबे बाटतील, म्हणून मुलांनी धावत जाऊन आधी डबे बाजूला केले आणि मगच बाबासाहेबांना फळ्याला हात लावता आला. आमच्या समाजाच्या गणिताची सुरुवात ही अशी आहे. उदाहरण येत होते, खडू हातात होता, पण फळा आणि विद्यार्थी यांच्यामध्ये डब्यांची रांग होती.

आज तो फळा मोबाईलच्या पडद्यावर आला आहे. त्याच्या मागे कोणाचे डबे नाहीत आणि जात विचारून कोणी अडवीतही नाही. २००४ साली अमेरिकेत सलमान खान नावाच्या तरुणाने दूरच्या गावी राहणाऱ्या आपल्या नात्यातील बहिणीला गणित शिकवायला सुरुवात केली. त्यातून उभी राहिलेली खान अकादमी आज मराठीतही गणिताचे धडे फुकट देते. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. केंद्र सरकारचे दीक्षा आणि स्वयम हे दोन्ही मंच २०१७ पासून आहेत. अरविंद गुप्ता यांनी मराठी-हिंदी पुस्तकांचा आणि टाकाऊ वस्तूंपासून करायच्या खेळण्यांचा मोठा खजिना सर्वांसाठी खुला करून ठेवला आहे. २२ डिसेंबरला रामानुजन यांच्या जन्मदिनी राष्ट्रीय गणित दिन असतो, १४ मार्चला जागतिक गणित दिन असतो, तर १२ मे हा इराणची थोर गणिती मरियम मिर्झाखानी हिचा जन्मदिन महिला गणितींचा दिवस म्हणून साजरा होतो. या दिवसांच्या आगेमागे ऑनलाइन व्याख्याने, कार्यशाळा, कोडी आणि स्पर्धा यांची रेलचेल असते आणि त्यातील पुष्कळसे मोफत असते.

मग प्रश्न असा, की एवढे सगळे मोफत असताना परभणी जिल्ह्यातील आमच्या वस्त्यांमधील मुलगी दहावीला गणितातच का अडखळते?

आम्ही मध्यंतरी पूर्णा तालुक्यातील एका वस्तीत गेलो होतो. समाजमंदिराच्या पायरीवर नववीतील दोन मुली एकाच मोबाईलवर वाकून बसल्या होत्या. कोणीतरी त्यांना गणिताच्या मोफत कार्यशाळेची लिंक पाठविली होती. कार्यशाळा सकाळी अकरा वाजता होती, त्या वेळी फोन बापाबरोबर कामावर गेलेला. संध्याकाळी फोन घरी आला तोपर्यंत कार्यक्रम संपला होता. मागून पाहायला मिळालेला भाग इंग्रजीत होता. आम्ही विचारले, "काही समजले का?" त्यातली थोरली म्हणाली, "आकडे समजले, बोलणे नाही समजले." थोड्या वेळाने तिनेच आम्हाला उलट विचारले, "सर, हे बोलतात ते थांबवून प्रश्न विचारता येतो का?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

या एका प्रसंगात मोफत शब्दाचा सगळा हिशेब आला. कार्यक्रमाचे शुल्क शून्य आहे, हे खरे. पण फोनचे शुल्क शून्य नाही आणि दर महिन्याच्या रिचार्जचेही नाही. भाषेचेही शुल्क असते आणि ते आमची मुलगी न समजून भरते. वेळेचे शुल्क असते. सकाळी अकरा वाजता ज्याच्या घरी स्वतंत्र फोन, स्वतंत्र खोली आणि मोकळी आई आहे, त्याच्यासाठीच तो कार्यक्रम मोफत असतो. घरात एकच फोन असेल तर तो आधी बापाचा, मग भावाचा आणि उरला तर मुलीचा, हेही आपण मान्य केले पाहिजे. हा दोष मनुवादी व्यवस्थेचा आहे तसा आपल्या घराचाही आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा धडा आपण मोठी किंमत देऊन शिकलो. शासनाने व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यासाच्या लिंक पाठविल्या, सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही मालिका सुरू झाली. ज्यांच्या घरी साधन होते त्यांचा अभ्यास चालू राहिला. ज्यांच्या घरी नव्हते ती मुले आईवडिलांबरोबर शेतात आणि फडात गेली. गणित हा विषय पायऱ्यांचा आहे. इतिहासाचा एक पाठ बुडाला तरी पुढचा वाचता येतो. भागाकार बुडाला तर अपूर्णांक बुडतो, अपूर्णांक बुडाला तर गुणोत्तर बुडते आणि बीजगणित तर दारातही येत नाही. देशातील ग्रामीण भागाची पाहणी करणारा असरचा अहवाल सांगतो, की २०२४ सालीही आठवीतील निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. ही निम्म्याहून जास्त मागे राहिलेली मुले कोणाची आहेत, हे सांगायला वेगळ्या पाहणीची गरज नाही.

कोणी म्हणेल, गणितावाचून काय अडले आहे? चळवळीला वकील हवेत, लेखक हवेत, वक्ते हवेत. गणित घेऊन काय करायचे? आम्ही त्यांना महात्मा जोतीराव फुल्यांकडे पाठवू. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा खेड्यातील मुलांच्या अभ्यासक्रमात वाचन-लेखनाबरोबर हिशेबाचाही आग्रह धरला. ज्याला हिशेब येत नाही त्याला सावकार लुटतो, कुलकर्णी लुटतो आणि लुटल्याची पावतीही त्याच्याच अंगठ्याने घेतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आज काय वेगळे आहे? गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या तालुक्यांतून दरवर्षी माणसे ऊसतोडीला जातात. समजा, एका कोयत्याने, म्हणजे नवराबायकोच्या जोडीने, एक लाख रुपये उचल घेतली. टनाला ३६६ रुपये दर आणि दिवसाला दोन टन तोड धरली तर दिवसाचे ७३२ रुपये झाले. उचल फिटायला १३७ दिवस लागतात. आता वजनकाट्यावर रोज फक्त १०० किलो कमी दाखविले, तर दिवसाला ३६ रुपये ६० पैसे गेले. १२० दिवसांच्या हंगामात ४,३९२ रुपये गेले. हा हिशेब ज्या बाईला येतो ती मुकादमाला पावती मागते. जिला येत नाही ती पुढच्या वर्षी बाकी फेडायला पुन्हा फडात जाते आणि तिच्याबरोबर तिची मुलगीही जाते.

दुसरे उदाहरण कर्जाचे. एखादा म्हणतो, ५० हजार घ्या, सरळ १२ टक्के व्याज, दोन वर्षांत फेडा. व्याज झाले १२ हजार, एकूण ६२ हजार, महिन्याचा हप्ता सुमारे २,५८३ रुपये. ऐकायला बँकेसारखे वाटते. परंतु मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण ५० हजारांवर लावलेले असते. घटत्या मुद्दलावर मोजले तर हा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. बचतगटातील आमच्या किती भगिनींना हे कोणी समजावून सांगितले आहे? हे शाळेतील टक्केवारीच्या धड्याच्या पलीकडचे काहीही नाही.

आणि नोकरीचे काय? पूर्णा हे रेल्वे जंक्शनचे गाव आहे. रेल्वेच्या पगारावर आमच्या कित्येक घरांतील पहिली पिढी शिकली, उभी राहिली आणि तिनेच विहारे उभी केली. आज रेल्वेच्या लेव्हल वन भरतीच्या परीक्षेत १०० पैकी २५ प्रश्न गणिताचे असतात. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत ते आहे. आठवीत परीक्षा घेऊन निवडलेल्या मुलांना नववीपासून वर्षाला १२ हजार रुपये देणारी आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, तिच्या परीक्षेतही गणित आहे. आरक्षण जागा राखून ठेवते. उदाहरण आपल्यालाच सोडवावे लागते.

इथेच आम्हाला एका धोक्याकडे समाजाचे लक्ष वेधायचे आहे. गणितातून सुटका करण्याची भाषा गेली काही वर्षे महाराष्ट्रात वारंवार ऐकू येते. मध्यंतरी सामान्य गणित नावाचा सोपा पर्याय होता, तो बंद झाला. २०१७ साली गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा मुंबई उच्च न्यायालयाने केली. २०२४ साली राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने असा प्रस्ताव चर्चेत आला, की दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावे, मात्र त्याला पुढे गणित-विज्ञानाकडे जाता येणार नाही असा शेरा मारावा.

या सूचनांमागील सगळी माणसे दुष्ट आहेत असे आम्ही म्हणणार नाही. दहावीला गणितात नापास झालेल्या मुलीचे शिक्षण संपते आणि पुढच्या लग्नसराईत तिचे लग्न उरकले जाते, हे आम्ही आमच्याच वस्त्यांत पाहिले आहे. नापासाचा शिक्का हाही एक दरवाजा बंद करणारा शिक्काच आहे. त्यामुळे सवलत नकोच, असे छातीठोकपणे सांगताना त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. परंतु विचारले पाहिजे ते हे, की ही सवलत घेणार कोण? शहरातील महागड्या शिकवणीला जाणारा मुलगा घेणार नाही. त्याचा बाप त्याला घेऊ देणार नाही. ती घेईल आमची पहिल्या पिढीत शिकणारी मुलगी. आणि तो शेरा आयुष्यभर तिच्या गुणपत्रिकेवर राहील. इंजिनिअर, संख्याशास्त्रज्ञ, हिशेब तपासनीस, संगणकतज्ज्ञ या सगळ्या वाटा पंधराव्या वर्षी बंद! पूर्वी फळ्याजवळ जाऊ नकोस असे सांगत. आता तुझ्याच भल्यासाठी फळ्यापासून दूर राहा असे सांगतील. जिला २० गुण मिळतात तिला ३५ पर्यंत नेणारा शिक्षक द्या, ही आमची मागणी आहे.

भाषेचा प्रश्नही असाच आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बावन्न याबरोबर पन्नास दोन असे वाचन सुचविले गेले, तेव्हा केवढी टवाळी झाली! मराठी बुडाली म्हणून प्रस्थापितांनी गळा काढला. त्या समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर या स्वतः गणिताच्या जाणकार होत्या. (२०२३ साली त्यांचे निधन झाले.) त्यांचे म्हणणे साधे होते. बावन्न म्हणताना दोन आधी आणि पन्नास नंतर येतात, लिहिताना मात्र पाच आधी आणि दोन नंतर. यात लहान मूल गोंधळते. ज्याच्या घरी आजी रोज पाढे म्हणवून घेते त्याला हा गोंधळ जाणवत नाही. ज्याच्या घरी पाढे म्हणवून घेणारे कोणी नाही, त्याच्यासाठीच ती सूचना होती. सूचना पटो न पटो, विनोद करणाऱ्यांमध्ये त्या दुसऱ्या घरातील कोणी नव्हते, हे आम्ही तेव्हाही पाहिले. मोफत ऑनलाइन कार्यक्रम आखणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. इंग्रजी कळत नाही म्हणून मराठी केले आणि मराठीत परिमेय, अपरिमेय, लसावि, मसावि यांचा मारा केला, तर वस्तीतील मुलाला दोन्ही भाषा सारख्याच परक्या वाटतात.

जगात हा विचार कोणी केला आहे का? केला आहे. अमेरिकेत बॉब मोझेस नावाचे कृष्णवर्णीय कार्यकर्ते होते. १९६० च्या दशकात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांना मतदार यादीत नाव नोंदवता यावे म्हणून त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. व्यवसायाने ते गणिताचे शिक्षक होते. १९८२ साली त्यांनी बीजगणित प्रकल्प सुरू केला. त्यांची भूमिका अशी, की पूर्वी मताचा हक्क नसणे ही गुलामी होती, आता गणित न येणे ही नवी गुलामी आहे; म्हणून बीजगणित हा नागरी हक्काचा प्रश्न आहे. मुलांना त्यांनी शहरातील रेल्वेने फिरविले आणि स्थानकांवरून धन-ऋण संख्या शिकविल्या. ज्या ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ साली आमची दलित पँथर उभी राहिली, त्या कृष्णवर्णीय समाजाच्याच लढ्यातून आलेला हा माणूस. त्याची लढाऊ भाषा आम्ही घेतली, त्याचे बीजगणित घ्यायचे राहून गेले. मोझेस २०२१ साली वारले. त्यांची रीत आमच्याकडे सहज करता येईल. परभणी स्टेशन शून्य धरा. पूर्णा आणि नांदेड ही धन बाजू, मानवत रोड आणि सेलू ही ऋण बाजू. आमच्या पोरांनी हा प्रवास शंभरदा केलेला आहे. तो गणित आहे, एवढेच कोणी सांगितलेले नाही.

परभणीचे नाव घेतले की आता १० डिसेंबर २०२४ आठवल्यावाचून राहत नाही. बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. तो शिकत होता, हे आम्ही विसरू नये. नामांतरासाठी या मराठवाड्याने १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत सोळा वर्षे लढा दिला, तोही एका विद्यापीठासाठी. घरे जळाली, माणसे गेली, पण मागणी विद्येशी जोडलेली होती. रस्त्यावरची लढाई आणि अभ्यासाची चटई या दोन वेगळ्या चळवळी नाहीत. बाबासाहेबांनी दिलेल्या मंत्रात शिका हा शब्द पहिला आहे.

म्हणून केवळ तक्रार करून आम्ही थांबणार नाही. प्रत्येक वस्तीत समाजमंदिर आहे, बहुतेक ठिकाणी बुद्धविहार आहे. तिथे वीज आहे, छप्पर आहे, चटई आहे. तिथे एक मोठा टीव्ही आणि एक इंटरनेट जोडणी बसवावी. जयंतीच्या मिरवणुकीत एका रात्रीच्या डीजेवर जेवढे पैसे उडतात, तेवढ्यात हे काम होते. हा हिशेब प्रत्येक जयंती मंडळाने स्वतःच करून पाहावा. फोनअभावी जे दहा घरांत जमत नाही ते एका पडद्यावर चाळीस मुलांसाठी जमते.

वेळ संध्याकाळी सात ते आठ ठेवावी. मोफत धडे आधीच उतरवून घ्यावेत, म्हणजे नेटवर्क गेले तरी अडत नाही. दहा मिनिटे धडा दाखवावा, मग पडदा बंद करावा आणि पन्नास मिनिटे मुलांनी वहीत उदाहरणे सोडवावीत. गणित पाहून येत नाही, केल्याने येते. वस्तीतील पदवीधर तरुण, निवृत्त शिक्षक, रेल्वेतील आणि बँकेतील आमचे कर्मचारी यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. त्या मुलीने आम्हाला विचारले होते, थांबवून प्रश्न विचारता येतो का? तो प्रश्न ऐकायला एक माणूस समोर बसला पाहिजे. मुलींना घरी पोहोचविण्याची जबाबदारी महिला मंडळाने घ्यावी. अंधार पडतो या सबबीखाली एकही मुलगी सुटता कामा नये. आणि १४ एप्रिलला आपण सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम करतो, त्यातील दोन तास सामूहिक गणिताला द्यावेत.

मोफत कार्यक्रम घेणाऱ्या संस्थांनाही आपण संघटितपणे लिहावे. कार्यक्रम सोप्या मराठीत करा, संध्याकाळी करा, त्याचे चित्रण खुले ठेवा, नोंदणीसाठी ईमेलची सक्ती करू नका आणि एका पडद्यापुढे चाळीस मुले बसली असतील तर त्या सगळ्यांची हजेरी धरा. हे मागणे भिकेचे नाही. ज्ञान सर्वांसाठी खुले आहे असे जो म्हणतो, त्याला त्याच्या शब्दाची आठवण करून देणे आहे.

सरकारला मात्र एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. पडदा हा शिक्षकाला पर्याय नाही. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळांची योजना २०२३ साली पुढे आली होती. सगळे काही ऑनलाइन मोफत आहे, मग वस्तीत शाळा आणि शिक्षक कशाला, असा युक्तिवाद उद्या कोणी केला तर आश्चर्य वाटायला नको. समाजमंदिरातील गणिताचा तास शाळेच्या जोडीला आहे, शाळेच्या बदल्यात नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणिताचा शिक्षक असलाच पाहिजे, हा आमचा हक्क आहे आणि तो आम्ही सोडणार नाही.

संविधानसभेत बाबासाहेबांनी सांगितले होते, की राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य हे तत्त्व आपण मान्य करतो आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारत राहू. ही दोन्ही बाजू समान नसलेली मांडणी अजून तशीच आहे. ती बरोबर करायची तर आपल्या मुलांना मांडणी करता आली पाहिजे.

येत्या २२ डिसेंबरला मोठ्या शहरांत गणित दिन होईल, ऑनलाइन व्याख्याने होतील. त्या दिवशी परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत निदान एकेका समाजमंदिराचे दार संध्याकाळी सात वाजता उघडे असावे. आत चटईवर मुले-मुली बसलेली असावीत, पडदा लागलेला असावा आणि कोणीतरी विचारावे, "कोण येते फळ्यावर?" आणि पूर्णेच्या त्या थोरल्या मुलीने उठून खडू हातात घ्यावा.

जयभीम!